एका बाळासाठी लसीची कुपी फोडावी का?

'ताईंना विचारा' : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी जुलाबाची आहेत. नवल नाही. मुंबईत पहिला मोठा पाऊस झाला की आठवड्याभरात आमच्या हेल्थ पोस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या छोट्या दवाखान्याच्या, बाकावर हीच गर्दी असायची. एकतीस वर्षं मी महापालिकेत नर्स होते, त्यातली बावीस पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी छपरावर पाऊस वाजायला लागला की ओआरएसची पाकिटं संपली तर नाहीत ना, असंच आधी मनात येतं.

मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगते, याही वेळी सांगते. औषध ठरवायचं ते डॉक्टरांनी. पण कुठलं दार, कधी ठोठवायचं आणि आत गेल्यावर काय मागायचं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

ताई, माझा नातू चौदा महिन्यांचा. तीन दिवस जुलाब होत होते. सून म्हणाली ओआरएस द्या, म्हणून मी मेडिकलमध्ये गेले. त्याने ज्यूससारखा खोका दिला. नातू आवडीने प्यायला, पण जुलाब वाढले. शेजारीण म्हणाली टाळू पडलीय, म्हणून एका बाईकडून टाळू उचलून आणली. शेवटी ॲडमिट करावं लागलं, दोन दिवस सलाइन लावली. आता बरा आहे. आमचं चुकलं कुठे? दूध बंद करायला हवं होतं का?
*— एक आजी, मानखुर्द*

आजी, नातू हसत-खेळत घरी आला ना, मग आधी तुम्ही स्वतः दोन घास नीट खा. तीन दिवस तुमच्याही पोटात काही गेलं नसणार.

आता चूक. सून बरोबर बोलली, तुम्ही बरोबर दुकानात गेलात, हातात मात्र भलतंच आलं. खरं ओआरएस मुलाला फारसं आवडत नाही. डोळ्यांतल्या पाण्यासारखं खारट-गोडसर लागतं ते. आमच्या वेळच्या एक सीनियर सिस्टर प्रत्येक आईला स्वतःला चमचाभर चाखायला लावायच्या आणि विचारायच्या, "रडताना ओठावर येतं तसं लागतंय? मग बरोबर झालंय."

आतड्यात साखर मिठाला हाताला धरून आत नेते आणि मिठामागून पाणी जातं. जुलाबात बाकी सगळं बिघडलं तरी ही एक वाट चालू राहते. म्हणून दोघांचं माप ठरलेलं असतं. गोड पेयांत साखर भरमसाट आणि मीठ नावाला. ती जादाची साखर उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. नातवाचं हेच झालं असावं. अशा पेयांच्या नावातून 'ओआरएस' ही अक्षरं काढून टाका, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात काढला. उशिरा काढला, पण काढला. तुम्ही दुकानात 'ओआरएस द्या' एवढंच म्हणू नका. 'पावडरचं पाकीट द्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं' असं सांगा. तसं पाकिटावर छापलेलं असतं. आणि खरं तर दुकानात जायचीही गरज नाही, हेल्थ पोस्टमध्ये ते फुकट मिळतं. पावसाळ्यात तर सरकारची जुलाबविरोधी मोहीम असते, २०१४ पासून. पूर्वी पंधरवडा होता, आता त्याहून जास्त दिवस चालते. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरी पाकीट पोचवायचं असतं. तुमच्या गल्लीत सेविका आली नसेल तर तिला बोलावून घ्या, ती माणूसच आहे, एखादं दार राहतं.

मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, ते अख्खं एक लिटर पाण्यात. छोटी पाकिटं २०० मिलीची असतात. पाकीट चिमटी-चिमटीने ग्लासात टाकू नका. जास्त घट्ट झालं तर अंगात मीठ वाढतं, पातळ झालं तर उपयोग नाही. मी पोस्टवर एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली ठेवायची आणि आयांना दाखवायची, कारण घरोघरी कोल्ड्रिंकची बाटली वापरतात आणि ती बऱ्याचदा पाऊण लिटरची निघते. एकदा केलेलं पाणी चोवीस तास चालतं, उरलं तर ओतून द्यायचं. नातवाच्या वयाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, तोही चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू, अजून सावकाश. याच टप्प्यावर बहुतेक घरं हरतात. 'पोटात काही टिकत नाही' म्हणून पाजणं थांबवतात.

सोबत झिंकची गोळी. चमचाभर पाण्यात विरघळते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मी. जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरी पुरे चौदा दिवस द्यायची. आतड्याचं अस्तर भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत लागायची शक्यता कमी होते. या चौदा दिवसांवरून मी आयांशी जेवढी भांडले, तेवढी घरी कुणाशी भांडले नसेन.

दूध बंद करायचं नाही. अंगावरचं तर मुळीच नाही. मऊ वरणभात, केळं, खिचडी, खाईल ते द्या.

आणि टाळू. शेजारणीने खूण अचूक ओळखली! टाळूला खळगा पडला म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं. फक्त ती बोटाने उचलली जात नाही, पाणी पोटात गेलं की आपसूक वर येते. मी टाळू उचलणाऱ्या बायांशी कधी वाद घातला नाही. आमच्या वस्तीतल्या एकीला मीच पाकिटं देऊन ठेवली होती. "मावशी, टाळू उचला, पण आधी हे पाजा." ती पाजायची. टाळू वर यायची आणि नाव तिचं व्हायचं. होऊ दे.

मूल मलूल पडलं, पाणी नको म्हणायला लागलं, डोळे आत गेले, सहा तासांत लघवी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू बसली, शौचात रक्त दिसलं, यांतलं एकही दिसलं तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

जाता जाता एक. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपली. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. शंभरातले तीसेक मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे मी सांगते ते यासाठी, की सलाइन म्हणजे मोठं औषध आणि पाकीट म्हणजे गरिबाचं, असं आपल्याकडे अजून समजतात.

आमचा मुलगा साताऱ्याला, आजोळी झाला. जन्माचे डोस तिथेच दिले. आता अडीच महिन्यांचा आहे, दीड महिन्याचा डोस प्रवासात राहिला. कार्ड गावी विसरलं. इथे केंद्रावर गेलो तर 'कार्ड घेऊन या' म्हणाले. सगळं नव्याने सुरू करावं लागणार का? रेशनकार्डही गावचंच आहे.
*— एक बाबा, भांडुप*

नव्याने काही नाही. राहिलेला डोस आज दिला तर तोच पहिला धरायचा आणि पुढचा चार आठवड्यांनी. लसीला रेशनकार्ड लागत नाही, गावचं नाही की मुंबईचं नाही. आजोळी फोन करून कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि उद्याच जा. २०२४ पासून देशभर यू-विन, म्हणजे लसीकरणाची ऑनलाइन नोंद, सुरू आहे. आईचा जो मोबाइल नंबर साताऱ्याला दिला असेल तो सांगा, नोंद त्यावर सापडायला हवी. तरीही कोणी परत पाठवलं तर मेडिकल ऑफिसरना भेटा. शांतपणे, पण भेटाच.

उद्या त्याला दोन्ही मांड्यांना एकेक सुई आणि उजव्या दंडाला कातडीत एक बारीकशी मिळेल, शिवाय पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचा डोस तोंडाने. एका मांडीत पेंटा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया-मेंदूज्वराचा एक जंतू). दुसरीत न्यूमोनियाची पीसीव्ही. ही २०२१ पासून सरकारी केंद्रांत मोफत झाली, खासगीत एकेका डोसला हजारांत मोजावे लागतात. रोटाव्हायरस महाराष्ट्रात २०१९ पासून. तो एक वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा, म्हणून रेंगाळू नका. रात्री ताप येईल. तापाचं औषध केंद्रावर विचारून घ्या, आणि सुईच्या जागी काही चोळू नका, हळद नको, बाम नको.

तुमच्या पत्रात मुंबईचा जुना घोळ आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नाव गावच्या रजिस्टरात आणि बाळ मुंबईत. गावची नर्स म्हणते, गेले मुंबईला. मुंबईची म्हणते, आमच्याकडे नोंद नाही. दोन्ही रजिस्टरं नीट आणि मूल दोन्हींच्या मध्ये. २५ डिसेंबर २०१४ ला मिशन इंद्रधनुष सुरू झालं ते अशाच सुटलेल्या मुलांसाठी. आम्ही बांधकामाच्या साइटवर जायचो, पुलाखाली जायचो. पोलिओच्या दिवसांत दारांवर खडूने खुणा करायचो, ज्या घरातली सगळी मुलं झाली तिथे 'पी', राहिली तिथे 'एक्स'. एक्सच्या दारांवर परत जायचं, परत कुलूप असेल तर परत. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा रुग्ण सापडला नाही, त्याच्या मागे हा खडू आहे. सासूबाई दारातूनच "आमच्याकडे लहान कोणी नाही" म्हणायच्या आणि आतून बाळ रडायचं.

ताई, मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. सरकार सांगतं की बालमृत्यू कमी झाले. हे आकडे ऑफिसात बसून भरलेले नसतील कशावरून? तुम्ही स्वतः फॉर्म भरलेत, खरं सांगा.
*— दादर*

संशय रास्त आहे. ऑफिसात बसून भरलेले फॉर्म मी पाहिलेत, चहाच्या कपाचा गोल डाग असलेले. पण बालमृत्युदराचा जो आकडा तुम्ही वाचता तो आमच्या रजिस्टरातून येत नाही. तो नमुना नोंदणी पद्धतीतून येतो, रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाकडून. ठरावीक गावं आणि शहरांतले ठरावीक भाग निवडलेले असतात. तिथे एक माणूस वर्षभर प्रत्येक जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन, पहिल्याची यादी न बघता, घरोघर विचारतो. मग दोन्ही याद्या समोरासमोर. जे जुळत नाही त्यासाठी परत त्या घरी. अशी पद्धत चुकू शकते, पण घाऊक थाप मारणं तिच्यात अवघड आहे.

त्या हिशेबाने १९७१ साली देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये २८. महाराष्ट्रात त्या वर्षी १६, केरळात ६, मध्य प्रदेशात ४३. घट खरी आहे. मी तिच्या पोटात राहून काम केलंय, त्यामुळे मला ती आकड्याआधी बाकावर दिसली. नव्वदच्या सुरुवातीला डांग्या खोकल्याचा तो ओढून घेतलेला आवाज महिन्यातून दोनदा तरी कानावर यायचा. शेवटी शेवटी नवीन मुलींना तो कसा असतो हे मला तोंडाने काढून दाखवावं लागायचं.

पण बातमी करायची तर त्या २८ च्या आत बघा. त्यातली २० बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली. लसीने, ओआरएसने वाचणारी मुलं आपण बरीच वाचवली. उरला तो पहिला महिना. दिवस भरण्याआधी जन्म, कमी वजन, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग. इथे गडचिरोलीची आठवण काढावीच लागते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटल्याचं त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यावरूनच पुढे देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. जंगलातल्या गावात पायी जाऊन जे जमलं ते लोकलच्या हाकेवर असलेल्या वस्तीत जमायला आपल्याला जास्त वेळ लागला, हे माझं मत. शहरात सगळे धरून चालतात की दवाखाना जवळच आहे.

राज्याचा १६ हा आकडाही सरासरी आहे. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व प्रभाग शहरात तळाला होता. दक्षिण मुंबई आणि तो प्रभाग एकाच बेरजेत मिसळले की आकडा छान दिसतो.

आता तुम्ही फॉर्मचं विचारलंत. मूल दगावलं की काही दिवसांनी त्या घरी जाऊन चौकशीचा फॉर्म भरायचा असतो. ते काम कोणालाच नको असायचं, मलाही नको असायचं. एकोणीस दिवसांची मुलगी होती एक. संध्याकाळी सातला दूध ओढेना. वडील रात्रपाळीला. आईने आणि आजीने दृष्ट काढली, ओवा-लसणाची धुरी दिली आणि सकाळ व्हायची वाट बघितली. सहाला वडील आले, रिक्षा मिळेपर्यंत पावणेसात. पहिल्या ठिकाणी सांगितलं, बाळाला ठेवायला वॉर्मर रिकामा नाही, दुसरीकडे न्या. चिठ्ठी मिळायला तास गेला. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी घेतलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी लिहिलं, जंतुसंसर्ग. खाली तीन चौकोन होते: घरी उशीर, वाटेत उशीर, दवाखान्यात उशीर. मी तिन्हींवर खूण केली. आजी विचारत होती, "काय लिहिता बाई?" मी म्हटलं, वेळ लिहिते.

हा फॉर्म मी घरात बसून भरलेला नाही. पण त्याचं पुढे काय झालं, हे मला कोणी कळवलं नाही. बातमी हवी असेल तर ती तिथे शोधा.

आठ महिन्यांच्या मुलीला खोकला आहे. मोठ्या मुलाचं खोकल्याचं औषध अर्धी बाटली उरलंय. थोडं द्यायला हरकत आहे का?
*— एक आई, कुर्ला*

हरकत आहे. बाटली मोरीत ओता.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू झाले. त्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने परत बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळायची. औषध शुद्ध असलं तरी एवढ्या लहान बाळाला त्याचा फायदा नाही, गुंगी मात्र येते. आणि गुंगीतल्या बाळाची धाप आपल्याला कळत नाही.

तुम्ही खोकला ऐकू नका, श्वास मोजा. मुलगी शांत असताना, दूध पिऊन झाल्यावर किंवा झोपेत, झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. मोबाइलवर एक मिनिट लावा. अख्खं मिनिट! पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो. पोट वर आलं की एक. दोन महिन्यांखालच्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर न्यूमोनियाचा संशय धरायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर. तुमच्या मुलीसाठी आकडा ५०. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, दूध ओढत नसेल, तर मोजतही बसू नका, १०८ लावा. आमच्या वस्तीत आया म्हणायच्या, "सिस्टर, पोट उडतंय." डॉक्टरच्या पुस्तकात याहून चांगला शब्द नाही. न्यूमोनियासाठी सरकारने २०१९ मध्ये 'सांस' नावाची मोहीम काढली, तिचं सगळं सार या दोन शब्दांत आहे.

आणि धुरी नको. ओव्याची नको, उदाची नको, मच्छर अगरबत्तीही बाळाच्या खोलीत नको.

सूनबाईचं सीझर सरकारी दवाखान्यात झालं. इंजेक्शनं बाहेरून आणायला लावली, साडेतीन हजार गेले. हे बरोबर आहे का?
*— विक्रोळी*

नाही. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी संस्थेत बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सीझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि ने-आण, सगळं मोफत. आजारी बाळाचे उपचार ते वर्षाचं होईपर्यंत मोफत. बिलं जपून ठेवली असतील तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की आधी विचारा, "जेएसएसकेमध्ये मिळणार नाही का?" हे नाव उच्चारल्यावर कपाटातून इंजेक्शन निघालेलं मी पाहिलं आहे.

माझं बाळ चौदाशे ग्रॅमचं, अजून एनआयसीयूत आहे. मला दूध पुरेसं येत नाही. नातेवाईक म्हणतात डब्याचं सुरू करा. दुसऱ्या बाईचं दूध द्यायचं म्हटलं तर सासरी चालणार नाही.
*— नाव नको, ठाणे-मुंबई*

सासरी सांगा, मुंबईत हे १९८९ पासून चालतंय. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी त्या वर्षी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. मी नोकरीला लागले तेच वर्ष, तेव्हा आम्हालाही ऐकून नवल वाटलं होतं. देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, थंड करून, तपासून गोठवतात. एवढ्या लहान बाळाच्या आतड्याला डब्याच्या दुधापेक्षा ते कितीतरी सोसतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे पेढी आहे का, नसेल तर मिळवता येईल का.

पण तुमचं दूध आटलं असं समजू नका. दर दोन-तीन तासांनी हाताने पिळून काढा, रात्रीही. दोन चमचे निघाले तरी तेच आधी बाळाला. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळ उघड्या छातीशी धरून बसा, कांगारूसारखं, तासन् तास. वजनही वाढतं आणि दूधही. तुम्ही दमलात तर बाळाचे बाबा बसू देत, त्यांनाही छाती आहे.

ताई, मी एएनएम आहे, नोकरीला आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात दुपारी साडेतीनला एक बाई नऊ महिन्यांचं बाळ घेऊन आली. सेशन संपत आलं होतं, दुसरं कोणी नव्हतं. मी गोवर-रुबेलाची नवी कुपी फोडली. बाकीचे नऊ डोस टाकावे लागले. मीटिंगमध्ये 'वेस्टेज' म्हणून सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. 'गुरुवारी ये' म्हणायला हवं होतं का?
*— एक सिस्टर, मुंबई*

अगं, हे पत्र मी तीनदा वाचलं.

वाचकांसाठी सांगते. गोवर-रुबेलाची पावडर असते, तिच्यात द्रव मिसळला की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. ठेवली तर तिच्यात जंतू वाढतात आणि तीच लस जिवावर उठते. कुपी दहा डोसांची, मूल एक. हिशेबनीस माणसाचा हात अडखळणारच. पण नियम स्पष्ट आहे: एक बाळ आलं तरी कुपी फोडायची.

१९९६ साली मी तुझ्याएवढी नवखी नव्हते, तरी मी तो नियम पाळला नाही. तेव्हा नुसती गोवरची लस होती, पाच डोसांची कुपी. दुपारची वेळ, एक बांगड्या विकणारी बाई, टोपली बाहेर ठेवून आत आली. मुलगी कडेवर. मी म्हटलं, "गुरुवारी या, चार-पाच मुलं जमली की देऊ." ती "बरं" म्हणाली. टोपली उचलून डोक्यावर घेताना मुलीचा पाय माझ्या टेबलाच्या कडेला लागला, ते अजून दिसतं मला. गुरुवारी ती आली नाही. तिचा गुरुवार धंद्याचा असेल. मी पत्ता लिहून घेतला नव्हता.

तीनेक महिन्यांनी वस्तीत गोवर आला. घरोघर अ जीवनसत्त्वाचा डोस पाजत फिरताना ती मला सापडली. मुलगी वाचली होती. डाव्या बुबुळावर पांढरं आलं होतं. बाईने मला ओळखलं, बसायला पाट दिला, चहाचं विचारलं. "सिस्टर, तुम्ही गुरुवारी बोलावलं होतं, मला जमलं नाही," असं तीच मला म्हणाली.

२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर उसळला, मुलं दगावली. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला टीम गल्ल्यांतून फिरत होत्या. मी निवृत्त झाले होते, घरी बसून टीव्हीवर बघत होते. त्या गल्ल्यांत मला तिची टोपलीच शोधावीशी वाटत होती.

तेव्हा तुझं काही चुकलेलं नाही. वेस्टेजच्या रकान्यात नऊ लिही, कुपी फोडल्याची वेळ लिही, खाली ठळक सही कर. पुढच्या मीटिंगमध्ये परत निघालं तर नियमाचा कागद सोबत ठेव आणि फक्त तो पुढे सरकव, बोलू नकोस. आणि मला एवढंच कळव, त्या बाईच्या कार्डावर सोळा महिन्यांच्या डोसची तारीख लिहून दिलीस ना? पत्ता घेतलास?